डिबोबे ड्रायव्हर झाला म्हणून जर्मन उदार?

मृण्मयी_के: काल इथे कुणी लिहिलं, "आफ्रिकेतून बर्लिनला गेलेल्यांचं भलंच झालं. कॅमेरूनचा मार्टिन डिबोबे बघा, रेल्वेत ड्रायव्हर झाला." वाचून संताप आला. 1896 मध्ये बर्लिनमधल्या ट्रेप्टोच्या प्रदर्शनात जर्मन वसाहतींतून आणलेली शंभरहून जास्त माणसं लोकांपुढे मांडली होती, त्यातलाच तो. त्याच्यासारखाच तिथे मांडलेल्या क्वेले एन्डुम्बेने ऑपेराची दुर्बीण विकत घेतली आणि बघ्यांनाच न्याहाळायला लागला. 'भलं' झालेला माणूस असं करतो?

घाटमाथा: पण डिबोबे राहिलाच ना तिथे? कुलपं-लोहारकाम शिकला, जर्मन मुलीशी लग्न केलं. 1919 मध्ये जर्मन सरकारला केलेल्या अर्जात तर जर्मनीशी निष्ठाच जाहीर केली. हे तुम्ही सोयीने गाळता.

मृण्मयी_के: गाळत नाही. त्याच अर्जात 32 मागण्या आहेत, समान हक्कांच्या. अठरा जणांच्या सह्या. सरकारने दखलही घेतली नाही.

कोकणकडा: युरोपचं कशाला, आपल्याकडे बघा. मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून आला आणि निजामशाही चालवली. खडकी, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, वसवली. बर्लिनला असं घडलं असतं?

सुधा_पी: विकत घेऊनच आणला होता ना? गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी आफ्रिकन गुलाम राबत होते, तेही सांगा की.

कोकणकडा: पोर्तुगीजांचं पाप आमच्या गळ्यात घालू नका!

सुधा_पी: खरेदी-विक्री दख्खनचे सरदारही करत होते. एक अंबर मोठा झाला म्हणून बाकीच्यांची गुलामी पुसली जात नाही.

कोकणकडा: माझी आजी मुरूडची. जंजिऱ्याच्या सिद्दीचं नाव काढलं की अजून दार लावून घ्यायची. आम्हाला इतिहास शिकवू नका.

मृण्मयी_के: जंजिऱ्यासाठी वेगळा धागा काढा, मीही येईन. इथे डिबोबेबद्दल बोला. अर्जानंतर त्याची नोकरी गेली. 1921 मध्ये बायकामुलांना घेऊन कॅमेरूनला निघाला, तर तोवर तिथे फ्रेंचांचा ताबा होता, त्यांनी उतरू दिलं नाही. लायबेरियाला जावं लागलं. मी बर्लिनला नोकरी करत होते तेव्हा एका घरमालकाने नाव ऐकूनच खोली नाकारली. दुसऱ्या दिवशी दुसरं घर शोधता आलं मला. त्याला तर बंदरावरच अडवलं, आणि मागे बर्लिनला कामही उरलं नव्हतं.

घाटमाथा: फ्रेंचांनी अडवलं, जर्मनांनी नव्हे.

मृण्मयी_के: आणि नोकरी कुणी काढली?

घाटमाथा: ते चूक होतं. अर्जाला उत्तरही द्यायला हवं होतं, मान्य. पण सगळं बर्लिन वाईट, हे मी मानणार नाही.