पायपेटीचा ऑर्गन लॅपटॉपात उतरवता येईल काय?

वडसाकडचा_ऑर्गनवाला
नमस्कार मंडळी. वडसाजवळच्या खेड्यातून लिहून राहिलो. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, अन् रात्रभर नाटकं. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, नाटकातलं गाणं अजून समोर बसूनच वाजवावं लागते. मी बाबांचा ऑर्गन वाजवतो. चार सप्तकं, पायानं भाता. भात्याचं चामडं उंदरांनी खाल्लं ते बदललं, पण टेम्पोत पडद्यांच्या गठ्ठ्याखाली दबून वरचे दोन सूर बसले ते बसलेच. आता निर्माता म्हणते कीबोर्ड आण, जागा वाचते. कीबोर्डात हार्मोनियमचा टोन आहे, पण नटानं पद उचललं की तो मागं उभाच राहत नाही, टिनाचा डबा वाजल्यावाणी वाटते.
आपल्याच ऑर्गनचे सूर एकेक करून रेकॉर्ड केले अन् कीबोर्डच्या पट्ट्यांवर बसवले तं? जुना लॅपटॉप आहे. दोन मेलेल्या सुरांचं काय करू?

साकोली_साउंड
होते जी. पण एक गोष्ट आधी. पियानोचा आवाज पट्टी किती जोरात दाबली त्यावर ठरतो, ऑर्गनचा हवेच्या दाबावर. म्हणून कीबोर्डची टच सेटिंग बंद करा अन् आवाजाची चढउतार एक्सप्रेशन पेडलवर द्या, म्हणजे पायानं आवाज हळूहळू कमी-जास्त करायच्या पेडलवर. तुमचा पाय तिथंच राहील. प्रत्येक सूर दोनदा घ्या, हलक्या भात्यानं अन् भरलेल्या भात्यानं, वीस-वीस सेकंद. दाब वाढला की नुसता आवाज वाढत नाही, सुराचा रंगही बदलते. पेडल दाबलं की एकातून दुसऱ्यात मिसळत जायचं. रेकॉर्डिंगचा दर्जा 24 बिट, 48 किलोहर्ट्झ ठेवून मोनोत, म्हणजे एकाच चॅनेलवर, घेतलं तरी सगळं मिळून 300 एमबीच्या आतच.
मोबाइलवर घेत असाल तं ऑटो गेन बंद करा. नाही तं फोन स्वतःच हळू आवाज मोठा अन् मोठा हळू करते, भात्याचा श्वासच मरते. खोलीत धानाची पोती रचा, घुमणार नाही. राइस मिल चालू असताना घेऊच नका.
मेलेल्या सुरासाठी शेजारचा सूर अर्ध्या सुरानं सरकवा, कोणाला कळत नाही. तीन-चार पट्ट्या सरकवला तं लगेच कळते.

जुना_तबलजी
मी ऑर्गनच्या बाजूला उमर घालवली. गाणारा दम घेते तेव्हा ऑर्गनवाला त्याच्या तोंडाकडे पाहून सूर धरून ठेवते. ते लॅपटॉपात कुठून येईल? ऑक्टोपॅड, म्हणजे काड्यांनी वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड, आला तेव्हाही मी कुरकुरलो होतो, खरं आहे. पण ऑक्टोपॅडवर हात माणसाचाच असते. माझं म्हणणं, पदं ऑर्गनवर अन् बाकी कीबोर्डवर.

साकोली_साउंड
काका, तोंडाकडे पाहणारा हाच भाऊ आहे, लॅपटॉप नुसता आवाज देते. उलट मला भीती दुसरीच आहे, ती म्हणजे उशीर. पट्टी दाबली अन् आवाज मागून आला तं तबल्याशी जमणार नाही. विंडोजवर एसिओ (ASIO) ड्रायव्हर टाका, तो आवाजाचा उशीर कमी करते, अन् बफर, म्हणजे आवाज बाहेर पडायच्या आधी साठवायचा तुकडा, 256 सॅम्पलचा ठेवा. 48 किलोहर्ट्झला त्याचा उशीर 5 मिलिसेकंदांच्या आसपास पडते, साउंड कार्डाचा वरचा उशीर वेगळा. जनरेटरवर खेळ असेल तं लॅपटॉपची बॅटरी चांगली पाहिजे.

वडसाकडचा_ऑर्गनवाला
काका, पदाचं पटलं. निर्मात्याला तेवढं सांगतो, टेम्पोत जागा करा. साकोलीवाले भाऊ, आमचा ऑर्गन ट्यूनरवर पाहिला तं 440 हर्ट्झ या प्रमाण सुरापेक्षा उतरलेला दाखवते. सरळ करू काय? अन् पेडल सस्टेनचं चालेल? तेच पडून आहे.

साकोली_साउंड
प्रत्येक सूर ओढूनताणून 440 ला आणाल तं बाजारातला टोन काय वाईट होता? आतला आपसातला फरक तसाच ठेवा. फक्त क्लॅरिओनेटवाला सोबत असेल तं सगळा संच एकदम वर घ्या. सस्टेनचं पेडल चालू-बंद एवढंच करते, ते चालणार नाही. कीबोर्डच्या मागं एक्सप्रेशनचं वेगळं छिद्र आहे काय ते पाहा. नसेल तं यूएसबीनं थेट लॅपटॉपला लागणारं मिडी पेडल घ्या, ते आवाज नाही, नुसत्या सूचना पाठवते.