आरपीएम चढतो पण गाडी ओढत नाही? आधी बेल्ट बघा
सीटपर्यंत पाण्यातून एटीव्ही (खडबडीत रस्त्यांवरची चार चाकी बाईक) काढल्यापासून इंजिन नुसतं बोंबलतंय, आरपीएम चढतो पण चढाला गाडी ओढत नाही, असं तुम्ही म्हणताय. वरच्या एका उत्तरात इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारा भाग) साफ करायचा सल्ला आलाय, तो मला पटत नाही. इंधनाचा घोळ असता तर आरपीएमच धड चढला नसता. हा सीव्हीटीचा, म्हणजे दोन पुलींवर बेल्ट फिरवणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा, बेल्ट पाणी शिरल्यानं घसरतोय.

पण लगेच रेस देऊ नका. आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. तळाशी पाणी असेल आणि ते सिलिंडरमध्ये गेलं, तर पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो, मग खिशाला चांगलीच चाट. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलंय, तर स्टार्टरला हातच लावू नका.

दोन्ही ठीक असेल तर सीव्हीटी कव्हरचा ड्रेन प्लग काढा, न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या, पाणी बाहेर फेकलं जाईल. तरीही घसरतोय? मग कव्हर काढून बेल्टच्या कडा बघा. गुळगुळीत होऊन चकाकत असतील तर बेल्ट बदलाच. पुलीवरचा चिखल पुसा, ग्रीस मात्र चुकूनही नको. आणि सीव्हीटीच्या हवेच्या नळीचा क्लॅम्प तपासा, बहुतेक पाणी तिथूनच शिरलंय.