हॅमस्टरच्या पिंजऱ्यात ठेवायला खरी फांदी कोणत्या झाडाची? (ठाणे)

घोडबंदरकर
सीरियन हॅमस्टर आहे, मादी, सात महिन्यांची. पिंजरा ९० × ४५ सेंमी. रात्रभर तारा कुरतडते. चढायला आणि दात घासायला खरी फांदी ठेवायची आहे. सध्या पावसाळ्याआधीची छाटणी चालू आहे, आमच्या रस्त्यावर फांद्यांचे ढीग पडलेत. त्यातली उचलली तर चालेल का? बजेट ३०० रुपये, अगदी फार तर ३५०.

वाशी_सेक्टर_१७
ऑनलाइन सफरचंदाचं लाकूड मागवा, सोबत कॉर्कची नळी घ्या. दीड हजारात दोन्ही होतं आणि डोक्याला ताप नाही. ३०० मध्ये आजकाल काय येतं?

कळवा_फास्ट
आधी पिंजरा बदला. ९० × ४५ कमीच आहे. १०० × ५० चा टब घ्या, तारा नसल्या की कुरतडणंही थांबेल.

घोडबंदरकर
पिंजरा नंतर बघतो. प्रश्न फांदीचा आहे.

पारसिक_पायथा
ढिगातलं काहीही उचलू नका. एक तर गाड्यांचा धूर आणि धूळ सालीत मुरलेली असते. दुसरं, पानं झडून गेली की झाड ओळखता येत नाही. त्या ढिगात पर्जन्यवृक्ष, सोनमोहर, सप्तपर्णी, सुबाभूळ सगळं एकत्र असतं. सप्तपर्णीला चीक आहे. सुबाभळीच्या पानांत आणि बियांत मिमोसिन असतं, त्याने जनावरांचे केस गळतात. दुभाजकातली कण्हेर त्यात आली असेल तर संपलंच. कण्हेरीचं विष वाळवून किंवा उकळून जात नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं गिरिपुष्प. टेकड्यांवर वनीकरणात लावलेलं असतं, शेताच्या कुंपणालाही असतं. उन्हाळ्याच्या तोंडाला फिकट गुलाबी फुलांनी लगडतं. त्याचं मराठी नावच उंदीरमारी आहे. लॅटिन नाव ग्लिरिसिडिया, त्याचा अर्थही तोच. साल-पाला धान्यात कुटून उंदरांना घालायची जुनी पद्धत आहे. त्यात कुमारिन असतं, पाला आंबला की त्याचं डायकुमारॉल होतं आणि मग रक्त गोठत नाही. हॅमस्टर म्हणजे शेवटी उंदराचाच भाऊबंद.

ऐरोली_काका
उगाच घाबरवू नका हो लोकांना. फांदी मोडून बघायची, पांढरा चीक आला तर टाकून द्यायची. सोपी परीक्षा आहे.

पारसिक_पायथा
काका, वड, पिंपळ, उंबर, चाफा, रुई यांना ती परीक्षा लागू पडते. कण्हेरीला तसा दुधाळ चीक दिसत नाही. गिरिपुष्पालाही नाही. घाणेरीलाही नाही. नेमकी तीच नापास करायला हवी होती.

नेरूळची_माई
पेरू. डोळे झाकून पेरू. लाकूड घट्ट, चिरफळ्या निघत नाहीत, साल पातळ पापुद्र्यांनी सुटते आणि ती खाल्ली तरी चालते. ओळखायलाही सोपा: खोड गुळगुळीत, हिरवट-तपकिरी ठिपक्यांचं. शहापूर-मुरबाडकडे कोणी नातेवाईक असतील तर फुकट मिळेल. फक्त गेल्या दोन महिन्यांत फवारणी झाली का ते विचारा.

कळवा_फास्ट
आंबाही चालतो की. होमाला चालतो तर हॅमस्टरला का नाही?

नेरूळची_माई
होमात तो जळतो, हॅमस्टर जाळत नाही, चघळतो. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. देठाच्या चिकाने माणसाच्या ओठांना फोड येतात, मग हॅमस्टर अन्न भरून ठेवतो त्या गालाच्या पिशवीचं काय होईल? पेरू असताना आंबा कशाला?

बांबूबाबा
+१ पेरूला. पण ठाण्यात मिळायला सोपा बांबू. बुरडाकडून हिरवा घ्या. दुकानातला पिवळा चकचकीत नको, तो बोरॅक्सच्या पाण्यात बुडवलेला किंवा पॉलिश केलेला असतो. आत जाण्याची नळी करायची असेल तर आतला व्यास ७ सेंमी हवा. त्याहून अरुंद असेल तर गाल भरलेली सीरियन अडकते. तेवढा जाड बांबू नाही मिळाला तर उभा चिरून नुसता पूल करा. चिरलेल्या कडा सुरीसारख्या असतात, १२० नंबरच्या पॉलिशपेपरने गोल करा. पिठासारखा भुगा पडायला लागला तर भुंगा लागलाय, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा.

वाशी_सेक्टर_१७
एपीएमसीतून, म्हणजे बाजार समितीतून, आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणा, दहा-वीस रुपयांना मिळतात. नाहीतर तुर्भ्याला बंदराकडून आलेली पॅलेट, म्हणजे मालाखालची लाकडी फळी.

पारसिक_पायथा
पेटीला खिळे आणि स्टेपल पिना असतात. पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचा शिक्का बघा: एचटी म्हणजे तापवलेलं, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. एचटी असलं तरी त्याच्यावर वाटेत काय सांडलं ते शिक्क्यावर लिहिलेलं नसतं. सोडून द्या.

ऐरोली_काका
येऊरला जाऊन वाळकी काटकी आणायची, चर्चा संपली.

नेरूळची_माई
काका, ते राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात वाळकी काटकीही बाहेर नेता येत नाही. खाडीकडची तिवरंही नाहीत. सोसायटीतल्या झाडाला हात लावायचा तर १९७५ चा वृक्ष कायदा आहे.

ऐरोली_काका
मग कुंडीतल्या तुळशीलाही परवानगी काढतो.

खारघर_ओटीजी
झाड कुठलंही घ्या, पण तयारी नीट करा, सगळे तिथेच चुकतात. फांदी २ ते ३ सेंमी जाड, ३५ सेंमी लांब. पानं काढा, साल ठेवा. नारळाच्या ब्रशने नुसत्या पाण्याने घासा. साबण, जंतुनाशक काही नको, लाकूड शोषून घेतं आणि नंतर तेच पोटात जातं. मोठ्या पातेल्यात २० मिनिटं उकळा. पाणी चहासारखं होईल, ते टॅनिन, म्हणजे लाकडातला तुरट अंश आहे, ओतून द्या. मग ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १०० अंशांवर एक तास, दर १५ मिनिटांनी फिरवा आणि तिथेच बसून राहा. मायक्रोवेव्ह नको, आतून पेट घेते.

ओटीजीतून काढली म्हणजे वाळली असं नाही. वाळवण्याच्या जाळीवर पंख्याखाली ठेवा, पावसाळ्यात तीन आठवडे सहज लागतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. सलग तीन दिवस तोच आकडा आला की वाळली. ओली आत गेली तर खालच्या बाजूला पांढरी बुरशी धरते, आणि ती बाजू कुणी बघत नाही.

बांबूबाबा
बसवतानाचं राहिलं. फांदी पिंजऱ्यात अंथरलेल्या भुशावर ठेवू नका. हॅमस्टर खालून उकरते, फांदी खचते आणि अंगावर येते. दोन्ही टोकं पिंजऱ्याच्या तळावर टेकवा, नंतर भुसा भरा. उंची १५ सेंमीच्या आत, हॅमस्टरला खोलीचा अंदाज नसतो, सरळ पाऊल टाकते. बांधायला सुतळी नको, जस्ताची तारही नको. स्टीलचा स्क्रू आणि मोठा वॉशर. भोक पाडलेला भुगा झटकून टाका.

वाशी_सेक्टर_१७
एवढ्या खटपटीपेक्षा सफरचंदाचं लाकूड स्वस्त पडलं असतं.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. बाल्कनीतल्या कुंडीतली जास्वंद छाटली. पाच वर्षांत एकदाही फवारणी नाही, झाड माहितीतलं, खर्च शून्य. स्क्रू-वॉशर ४० रुपये.

नेरूळची_माई
जास्वंद विषारी नाही, पण बोटाएवढी बारीक, महिन्याभरात संपेल. पेरू का नाही?

घोडबंदरकर
मुरबाडच्या पेरूवर मागच्याच आठवड्यात फवारणी झाली म्हणाले.

पारसिक_पायथा
हरकत नाही. फक्त जास्वंद अंबाडीच्या कुळातली, साल दोरीसारखी लांब सुटते. धागे निघायला लागले की कात्रीने कापत जा, नाहीतर पायाला गुंडाळतात. आणि उकळताना पाणी बुळबुळीत होईल, दोनदा बदला.

घोडबंदरकर
बदललं. तीन फांद्या एकावर एक स्क्रूने जोडल्यात. काल १९१ ग्रॅम, आज १८६.

खारघर_ओटीजी
ओटीजी केलं का?

घोडबंदरकर
ओटीजी नाही. पंखा.

खारघर_ओटीजी
मग गणपतीपर्यंत वजन करत बसा.