वाचनालयासाठी नव्या रहस्यकादंबऱ्या आणि प्रेमकादंबऱ्या घेताना कोणता निकष लावावा?

राजारामपुरी_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार. कोल्हापुरातील एका लहान सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर मी काम करते. यंदाच्या खरेदीत लोकप्रिय कादंबऱ्यांसाठी वेगळी रक्कम ठेवावी, अशी मागणी सभासदांनी, विशेषतः महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी केली आहे. समितीतील ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, असली पुस्तके एकदा वाचली की संपतात, तेव्हा वर्गणीचा आणि अनुदानाचा पैसा त्यांवर घालवू नये. मला ते पटत नाही. मात्र विरोध करायचा तर पुस्तके वाचूनच करावा, म्हणून मागणीच्या यादीतील बऱ्याच कादंबऱ्या मी मूळ इंग्रजीतून किंवा इंग्रजी अनुवादातून वाचून काढल्या.

फ्रीडा मॅकफॅडन यांच्या 'द हाउसमेड'ला (२०२२) सर्वांत जास्त मागणी आहे. तुरुंगातून सुटलेली मिली एका श्रीमंत घरात कामाला राहते आणि तिला माळ्यावरची जी खोली मिळते, तिचे दार फक्त बाहेरून बंद करता येते. एवढे वाचल्यावर पुस्तक हातातून सुटत नाही, हे मी प्रांजळपणे सांगते. पुढे निवेदन दुसऱ्या व्यक्तीकडे जाते आणि आधीचे प्रसंग निराळेच दिसू लागतात. ही रचना कसबी आहे, परंतु त्या रचनेच्या सोयीसाठी माणसे वाकवली आहेत. एखादे पात्र असे का वागले, या प्रश्नाला अनेकदा 'कथेला तसे हवे होते' एवढेच उत्तर मिळते.

ॲलेक्स मायकेलिडीस यांच्या 'द सायलेंट पेशंट'वर (२०१९) माझा आक्षेप अधिक गंभीर आहे. (ज्यांना ती वाचायची असेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) नवऱ्यावर गोळ्या झाडून मूक झालेली चित्रकार आणि तिच्यावर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ, ही मांडणी विलक्षण आहे. पण दोन वेगवेगळ्या काळांतील घटना एकाच काळातल्या वाटाव्यात अशा शेजारी ठेवून लेखक आपल्याला चकवतो. पुरावे समोर असूनही मला ते जोडता आले नाहीत, असे झाले असते तर मी लेखकाला दाद दिली असती. येथे घटनांचा क्रमच माझ्यापासून लपवला गेला.

याउलट केइगो हिगाशिनो यांची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' ही २००५ ची जपानी कादंबरी मला फार मोठी वाटली. खून पहिल्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांदेखत घडतो. कोणी केला, कोणाचा केला आणि कशाने केला, हे सारे आपल्याला ठाऊक असते. शेजारी राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी त्या मायलेकींना वाचवायला पुढे येतो आणि तरीही शेवटी आपण हादरतोच, कारण त्याने नेमके काय केले ते आपल्याला उमगलेलेच नसते. २०२३ मध्ये या कथेवर कलिम्पाँगच्या पार्श्वभूमीवर 'जाने जां' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हापासून पुस्तकाची विचारणा वाढली आहे.

प्रेमकादंबऱ्यांत कॉलीन हूवर यांची 'इट एन्ड्स विथ अस' (२०१६) मागणीत पहिली आहे. तिला प्रेमकादंबरी म्हणावे की नाही, याचाच मला निर्णय करता येत नाही.

माझे दोन प्रश्न आहेत. अशा कादंबऱ्या निवडताना समितीपुढे ठेवता येईल असा निकष कोणता? आणि आजच्या मराठी तरुण-तरुणींची प्रेमकथा सांगणारी, वाचकप्रिय म्हणता येईल अशी कादंबरी मराठीत आज कुठे लिहिली जाते?

गडहिंग्लज_ग्रंथपाल यांचे उत्तर

ताई, माझी सारी नोकरी ग्रंथालयातच झाली, त्यामुळे मी देवघेवीच्या टेबलावरून दिसते तेवढेच सांगतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला जी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यापेक्षा प्रामाणिक समीक्षा मी पाहिलेली नाही. केवळ शेवटच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या कादंबरीची चिठ्ठी पहिल्या काही महिन्यांत भराभर भरते, शिक्क्यांना जागा पुरत नाही, आणि मग अचानक कोरी राहते, कारण शेवट गावभर झालेला असतो. सुहास शिरवळकरांच्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या तशा नसतात. त्यांवर शिक्के सावकाश पडतात, पण पडत राहतात. 'दुनियादारी' १९८२ ची. २०१३ मध्ये चित्रपट आला तेव्हा मागणी उसळली हे खरे, परंतु त्याआधीही आमच्याकडची प्रत दोनदा बांधणीला गेली होती. नारायण धारपांच्या, समर्थ हा नायक असलेल्या कथांचा अनुभवही हाच. शेवट माहीत असलेला वाचक ते पुस्तक पुन्हा नेतो, तेव्हा तो रहस्यासाठी नेत नाही. त्या माणसांच्या सहवासासाठी नेतो.

म्हणून माझा निकष सोपा आहे. शेवट सांगून टाकल्यावरही पुस्तकात वाचण्यासारखे काय उरते, हे निवड करणाऱ्याने स्वतःला विचारावे. तुम्ही सांगितलेल्या यादीत हिगाशिनो या कसोटीला उतरतात. रिचर्ड ऑसमन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) तुमच्या यादीत नसेल तर जरूर घ्या. निवृत्तांच्या वसाहतीत राहणारे चार वृद्ध जुन्या खुनांचा छडा लावण्यासाठी दर गुरुवारी जमतात. त्यातले रहस्य मला मध्यमच वाटले, पण म्हातारपण, आजारी जोडीदाराची सेवा आणि मैत्री यांवरची त्यातली पाने आमच्या ज्येष्ठ सभासदांना स्वतःची वाटतील.

तुमच्या समितीतील ज्येष्ठांना मात्र एक गोष्ट आदराने सांगावीशी वाटते. ते ज्यांना निःशंकपणे विकत घेतात, त्या 'स्वामी' (१९६२) आणि 'मृत्युंजय' (१९६७) यासुद्धा लोकप्रिय कादंबऱ्याच आहेत. रणजित देसाई कोवाडचे, शिवाजी सावंत आजऱ्याचे. आमच्या या डोंगराळ भागातील दोघांनी घराघरांत वाचक तयार केला, आणि त्या वाचकाने वाङ्मयीन मूल्य तपासून नव्हे, तर रात्र जागवून ती पुस्तके वाचली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. ज्या मातीत ग्रंथालय हे लोकांसाठी असते ही जाण इतकी जुनी आहे, तेथे वर्गणी भरणाऱ्या मुलीला 'तुझी आवड हलकी आहे' असे सांगण्याचा अधिकार समितीला नाही.

अनुवादांबद्दल थोडेसे. रॉबिन कुक, जॉन ग्रिशॅम, डॅन ब्राउन यांच्या कादंबऱ्या मेहता पब्लिशिंग हाउसने मराठीत आणल्या आणि तालुक्याच्या गावी त्या भरपूर वाचल्या गेल्या. इंग्रजी प्रत घेण्याआधी मराठी अनुवाद निघाला आहे का, याची चौकशी करावी, कारण एका मराठी प्रतीमागे घरातील तीन पिढ्या वाचतात.

शाहूपुरी_प्राध्यापक यांचे उत्तर

'द सायलेंट पेशंट'बाबत माझे मत वेगळे आहे. वाचकाला चकवणे हा या प्रकाराचा जुना हक्क आहे. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'वर १९२६ मध्ये असाच वाद झाला होता, आणि १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांत सापडलेला धागा त्याच वेळी वाचकापुढे ठेवावा आणि गुप्तहेराच्या साथीदाराने मनातले विचार वाचकापासून लपवू नयेत, या अपेक्षा होत्या. तरीही ख्रिस्तींची ती कादंबरी आज आदर्श मानली जाते. मायकेलिडीस यांनी काळाची सरमिसळ केली, पण निवेदकाच्या स्वभावातील खोट त्यांनी सुरुवातीपासून दाखवली आहे. त्याचे पाठलाग करणे, चोरून पाहणे, पत्नीविषयीचा त्याचा संशय हे सगळे आपल्यासमोर होते. आपण त्याच्या पेशावर विश्वास ठेवला आणि त्या वागण्याकडे दुर्लक्ष केले. कादंबरीचा विषयच हा आहे, असे मला वाटते. मॅडम, तुमचा आक्षेप 'द हाउसमेड'ला जास्त लागू पडतो.

दुसरे असे की, तुमच्या समितीत जो वाद चालू आहे तो याच शहरात एकदा फार उंचीवर लढला गेला आहे. ना. सी. फडके राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि वि. स. खांडेकरांचे वास्तव्यही कोल्हापुरातच होते. एकाने कलेसाठी कला म्हटले, दुसऱ्याने जीवनासाठी कला. फडक्यांनी १९३१ च्या 'प्रतिभासाधन'मध्ये कथेची गुंतागुंत कशी वाढवावी आणि उकल कशी करावी याचा शास्त्रासारखा विचार केला. रंजन हे कष्टाने साधायचे काम आहे, ही त्यांची भूमिका होती. मला आजच्या लोकप्रिय कादंबरीचे मोजमाप फडक्यांच्या पट्टीने करणे अधिक न्याय्य वाटते. खांडेकरांची पट्टी लावली तर 'द हाउसमेड' पहिल्या पानालाच बाद होईल आणि तिच्यात जे जमले आहे तेही दिसणार नाही.

इचलकरंजी_२४ यांचे उत्तर

ताई, सर, मी तुमच्यापेक्षा वयाने लहान आहे आणि 'इट एन्ड्स विथ अस' माझ्या सगळ्या मैत्रिणींनी वाचली आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

आमच्यापर्यंत ही कादंबरी इन्स्टाग्रामवरच्या छोट्या चित्रफितींमधून आली. तेथे ती फुलांच्या मुखपृष्ठाची गोड प्रेमकथा म्हणून दाखवली जात होती. प्रत्यक्षात ती मारहाण करणाऱ्या नवऱ्याची गोष्ट आहे, आणि लेखिकेने ती स्वतःच्या आईच्या अनुभवातून लिहिल्याचे पुस्तकाच्या शेवटी सांगितले आहे. त्यातला पहिला प्रसंग मला अजून जसाच्या तसा आठवतो. शल्यविशारद असलेला राइल ओव्हनमधले गरम भांडे काढताना हात भाजून घेतो, नायिका लिली हसते, आणि तो तिला ढकलून देतो. पुढच्याच क्षणी तो कळवळून माफी मागतो. ते पान वाचताना मी स्वतःशी म्हटले होते की, त्याचा हात म्हणजे त्याचा व्यवसाय आहे, बिचारा घाबरला असेल. प्रत्येक प्रसंगाला असे एकेक पटणारे कारण मिळत जाते आणि लिलीबरोबर वाचणाराही ते मान्य करत जातो. घरात राहून मार खाणाऱ्या बाईला 'तू निघून का गेली नाहीस' असे सहज विचारणाऱ्या माणसाला हे पुस्तक जे समजावते, ते भाषणाने समजणार नाही.

तरीही माझी तक्रार आहे. ॲटलस हा दुसरा, सर्वगुणसंपन्न पुरुष तिच्यासाठी तयार ठेवलेला आहे, त्यामुळे तिच्या निर्णयाचे वजन कमी होते. तो नसता तर ती कादंबरी अधिक खरी झाली असती. वाचनालयाने ही कादंबरी घ्यावी, पण प्रेमकथांच्या कप्प्यात ठेवताना देवघेवीच्या टेबलावरून विषयाची कल्पना द्यावी, कारण एखादीला ते वाचणे जड जाऊ शकते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. मराठी प्रेमकादंबरी छापील पुस्तकात शोधू नका, ती मोबाईलवर आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'प्रतिलिपी' या कथा वाचण्या-लिहिण्याच्या ॲपवर मराठीत शंभर-शंभर भागांच्या प्रेमकथा चालू असतात. आमच्याकडे यंत्रमागाच्या दोन पाळ्यांच्या मधल्या वेळेत, स्वयंपाक आवरल्यावर, बसमध्ये, बायका त्या वाचतात आणि लेखिकेला प्रतिक्रियाही कळवतात. पुस्तके ऐकवणारे 'स्टोरीटेल' २०१७ पासून भारतात आहे आणि तेथे शिरवळकर ऐकणारेही पुष्कळ आहेत. तेव्हा वाचक हरवलेला नाही.

मला खुपते ते निराळेच. या मालिकांतील नायक हटकून गर्भश्रीमंत असतो, मनाविरुद्ध लग्न करतो, हुकूम सोडतो आणि त्या दांडगाईला प्रेम म्हटले जाते. प्रेमाच्या आड येते ती कुणीतरी कपटी आत्या, नाहीतर अर्धवट ऐकलेले संभाषण. माझ्या आजूबाजूच्या प्रेमांच्या आड जे येते ते वेगळे आहे: जात, मुलाची तीन एकर जमीन, मुलीची तिसऱ्यांदा राहिलेली स्पर्धा परीक्षा, शिरोलीच्या फाउंड्रीतली रात्रपाळी, आणि शहरात दोघांना तासभर निवांत बसता येईल अशा जागेचा अभाव. रंकाळ्याच्या काठावर ओळखीचे कुणी दिसेल या धास्तीने अर्धे संभाषण मानेने करणाऱ्या दोघांची कादंबरी मला हवी आहे, आणि ती मला दुःखान्त नको, चारशे पानांची, खिळवून ठेवणारी आणि शेवटी दोघांना एकत्र आणणारी हवी आहे. हे विषय मराठीत लिहिणारे आहेत, परंतु ते गंभीर साहित्य म्हणून लिहितात, आणि तेथे प्रेम बहुधा हरण्यासाठीच असते.

राजारामपुरी_वाचक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. सर, निवेदकाच्या स्वभावाबद्दलचा तुमचा मुद्दा मी पुन्हा पुस्तक उघडून तपासला. पाठलागाचे प्रसंग खरोखरच आधीपासून आहेत. परंतु काळाबाबतची दिशाभूल मला अजूनही मान्य होत नाही, त्यामुळे तिची एकच प्रत सुचवीन.

समितीपुढे ठेवण्याची यादी अशी ठरवली आहे. हिगाशिनो आणि ऑसमन यांच्या प्रत्येकी दोन प्रती, 'इट एन्ड्स विथ अस'च्या दोन, 'द हाउसमेड'ची एक, आणि शिरवळकर व धारप यांच्या फाटलेल्या प्रतींच्या जागी नव्या आवृत्त्या. मराठी अनुवाद उपलब्ध असेल तेथे तोच आधी घेतला जाईल. ग्रंथपाल सरांच्या सांगण्यावरून आमच्याकडील जुन्या रहस्यकथांच्या चिठ्ठ्या काढून बैठकीत दाखवणार आहे.

इचलकरंजीच्या मैत्रिणीला एक विनंती. 'प्रतिलिपी'वर लिहिणाऱ्या, आपल्या जिल्ह्यातील दोन-तीन लेखिकांना वाचनालयात बोलावून वाचकांशी गप्पांचा कार्यक्रम ठेवावा असे मनात आहे. दांडगाईचा नायक नसलेली कथा लिहिणारी कुणी तुमच्या माहितीत असेल तर तिच्या मालिकेचे नाव येथे जरूर कळवा. बैठकीपूर्वी मला ती वाचायची आहे.