विषय: मासिक पदभ्रमणाचे वेळापत्रक – अंतर आधी पाहावे की महिना?

प्रेषक: उपक्रम समिती

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

येत्या ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॅलिफोर्नियातील आपल्या सॅन डिएगो काउंटीतील एखाद्या ट्रेलवर सहकुटुंब जावे, असे समितीच्या बैठकीत ठरले आहे. चालण्याची सवय हळूहळू वाढावी, या हेतूने आम्ही कमी अंतराकडून जास्त अंतराकडे जाणारा क्रम लावला आहे. त्यानुसार ऑक्टोबरमध्ये बोरेगो पाम कॅन्यन (जाऊन-येऊन ३ मैल), नोव्हेंबरमध्ये कोल्स माउंटन (तितकेच अंतर, परंतु चढ अधिक), डिसेंबरमध्ये क्वियामाका येथील स्टोनवॉल पीक (४ मैल) असे पुढे सरकत मे महिन्यात पोवे येथील आयर्न माउंटनने (सुमारे साडेपाच ते सहा मैल) सांगता करावी, असा विचार आहे. कृपया आपल्या सूचना याच धाग्यात कळवाव्यात.

प्रेषक: सभासद, पोवे

समितीस आणि सर्व सभासदांस नमस्कार.

उपक्रमाचे मनापासून स्वागत आहे. क्रमाबाबत मात्र माझा स्पष्ट मतभेद आहे आणि तो थोडा विस्ताराने मांडतो. आपल्या काउंटीत ट्रेल किती मैलांचा आहे, यापेक्षा तो समुद्रापासून किती आत आहे आणि आपण तेथे कोणत्या महिन्यात जाणार आहोत, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. येथील भूगोल आपल्याला नवा वाटू नये. पश्चिमेला समुद्र, त्याला लागून अरुंद किनारपट्टी, मग किनाऱ्याला समांतर गेलेली डोंगररांग आणि तिच्या पूर्वेला पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख, ही रचना कोकण, घाटमाथा आणि माण-खटाव पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखू येते. फरक असा की येथे पाऊस हिवाळ्यात येतो, तोही किनाऱ्यावर वर्षाकाठी जेमतेम १० इंच, आणि मे ते ऑक्टोबर जवळजवळ कोरडेच जातात. त्यामुळे सह्याद्रीत पावसाळा लागला की पाठपिशवी काढायची, ही आपली सवय येथे उलटी पडते. येथे डोंगर हिरवे होतात ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ऑगस्टमध्ये ते वाळलेल्या गवतासारखे पिवळे असतात.

उन्हाळ्यातल्या एकाच दुपारी ला होयाच्या किनाऱ्यावर ७२ अंश फॅरनहाइट असताना आतल्या एल कहोनमध्ये ९५ आणि वाळवंटातल्या बोरेगो स्प्रिंग्जमध्ये १०८ असणे, यात येथे कोणालाच नवल वाटत नाही. किनाऱ्यावर मे-जूनमध्ये समुद्रावरून येणारा ढगांचा थर दुपारपर्यंत सूर्य झाकून ठेवतो. तोच थर दहा-पंधरा मैल आत विरून जातो. समितीच्या यादीत बोरेगो पाम कॅन्यन केवळ ३ मैलांचा म्हणून ऑक्टोबरमध्ये आला आहे, पण ऑक्टोबरच्या आरंभी वाळवंटात पारा अजूनही शंभरीच्या आसपास जाऊ शकतो आणि त्या घळीत नैसर्गिक पामवृक्षांच्या झुंबडीपर्यंत पोहोचेतो सावली म्हणावी अशी नाही. ज्या वाटेवर हिवाळ्यात सात वर्षांचे मूल हसत जाईल, तीच वाट ऑक्टोबरात धडधाकट माणसालाही परत फिरवील.

ऑक्टोबरचा दुसरा दोष वाऱ्याचा. वाळवंटाकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे, उष्ण सांता आना वारे शरद ऋतूत जोर धरतात. २००३ च्या ऑक्टोबरमधील सीडर वणव्यात सुमारे २,७३,००० एकर क्षेत्र जळाले आणि क्वियामाका रँचो राज्य उद्यानातील बहुतेक जंगल त्यात गेले, तर २००७ च्या ऑक्टोबरमधील विच वणव्याची झळ आमच्या पोवेपर्यंत आली. म्हणून ऑक्टोबरमध्ये किनारा सोडू नये आणि ‘रेड फ्लॅग’ म्हणजे वणव्याच्या धोक्याचा इशारा असेल तर कोठेच जाऊ नये.

मे महिन्यात आयर्न माउंटन नेणेही मला पटत नाही. हा २,६९६ फुटांचा डोंगर सुंदर आहे, परंतु वाटेच्या सुरुवातीची थोडी ओक झाडे सोडली तर पुढे केवळ झुडपे आणि ग्रॅनाइटचे धोंडे आहेत. तो जानेवारीत करावा, कारण पाऊस पडून गेलेल्या स्वच्छ दिवशी माथ्यावरून समुद्र दिसतो.

प्रेषक: सभासद, कार्मेल व्हॅली

नमस्कार.

पोवेच्या काकांचा मुद्दा पटला, परंतु एका गोष्टीचा विचार व्हावा. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या गाठून एप्रिल ते सप्टेंबर या काळात येतात, म्हणजे नेमके तेव्हा, जेव्हा काकांच्या म्हणण्यानुसार अर्धी काउंटी बाद होते. माझे सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे आहेत. रोज सकाळी तासभर चालतात, मात्र दगडांवरून उतरताना सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात. त्यांच्यासाठी वेळापत्रकात काही आहे का? टोरी पाइन्स आमच्या घराजवळ आहे. तेथे मंडळाचा डबा घेऊन जाता येईल का, हेही कृपया सांगावे, कारण आपल्या मंडळाचा कोणताही कार्यक्रम डब्याशिवाय पार पडल्याचे मला आठवत नाही.

प्रेषक: सभासद, पोवे

ताई, आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर किनाऱ्यावरच आहे.

टोरी पाइन्स राज्य निसर्ग राखीव क्षेत्रातील गाय फ्लेमिंग ट्रेल हा सुमारे दोन-तृतीयांश मैलाचा, जवळजवळ सपाट फेरा आहे. चढणीचा डांबरी रस्ता टाळायचा असेल तर सकाळी लवकर जाऊन वरच्या वाहनतळावर गाडी लावावी. अंतर थोडे असले तरी तेथे घाई करू नये. ज्या टोरी पाइन वृक्षावरून हे नाव पडले, तो अमेरिकेतील सर्वांत दुर्मीळ देशी पाइन समजला जातो. जगात तो नैसर्गिकरीत्या फक्त दोन ठिकाणी वाढतो, येथे आणि दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरील सांता रोझा बेटावर. त्याच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यांत येतात आणि त्या लांब सुयांवर समुद्रावरचे धुके थेंबाथेंबाने साठून खाली ठिबकते, हे कमी पावसाच्या या पट्टीत त्याला मोठे उपकारक ठरते. मे-जूनच्या ज्या ढगाळ हवामानाला आपण कंटाळतो, तेच त्याचे पाणी आहे, आणि तेच आपल्या ज्येष्ठांसाठी उत्तम छत्र आहे. सह्याद्रीतला बेसॉल्ट पायाखाली असलेल्या आपल्या लोकांना तेथील वाळूच्या दगडाचे कडे फसवे वाटू शकतात. ते ठिसूळ आहेत आणि वेळोवेळी कोसळतात, म्हणून वर कठड्याच्या पलीकडे आणि खाली पुळणीवर कड्याच्या पायथ्याशी कोणीही थांबू नये. बीच ट्रेलने खाली उतरायचे असल्यास भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे.

डब्याबाबत उत्तर नकारार्थी आहे. राखीव क्षेत्रात पाण्याखेरीज काहीही खाण्यापिण्यास मनाई आहे. खाणे चालते ते फक्त खाली पुळणीवर. कुत्र्यांना तर संपूर्ण क्षेत्रातच बंदी आहे, गाडीत बसवून ठेवलेलेही चालत नाही. पोहे-शिरा पुळणीवर बसून खावा लागेल आणि समुद्रपक्षी त्यात वाटा मागतील, इतके गृहीत धरावे.

सपाट पण थोडे लांब चालायचे असेल तर लॉस पेन्यास्किटोस कॅन्यन आहे. ओढ्याकाठच्या जुन्या ओक झाडांची सावली असलेली ती रुंद मातीची वाट कोणत्याही टोकाकडून गेले तरी सुमारे तीन मैलांवर लहानशा धबधब्यापाशी पोहोचते, आणि वाटेत कोठूनही परतता येते. पाऊस पडल्यावर मात्र ती वाट बंद असते, कारण चिखलात उमटलेली पावले आणि सायकलींच्या चाकोऱ्या वाळल्यावर तशाच राहतात. पॉइंट लोमावरील काब्रियो राष्ट्रीय स्मारक डिसेंबर ते फेब्रुवारीसाठी राखून ठेवावे. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांमधील जीवसृष्टी दिवसाउजेडी पाहण्याचा तोच काळ आहे आणि दक्षिणेकडे जाणारे करडे देवमासेही त्याच सुमारास वरून दिसू शकतात.

प्रेषक: सभासद, ला मेसा

सर्वांना नमस्कार.

मी मिशन ट्रेल्स उद्यानाच्या शेजारी राहते, म्हणून कोल्स माउंटनविषयी थोडे लिहिते. १,५९३ फुटांचा हा डोंगर सॅन डिएगो शहराच्या हद्दीतील सर्वोच्च बिंदू आहे. गोल्फक्रेस्ट रस्त्याकडून चढणारी वाट एका बाजूने दीड मैलाची आहे. गर्दी इतकी असते की एकांत शोधणाऱ्यांनी तेथे जाऊ नये, परंतु नवख्यांसाठी ती गर्दीच आधार ठरते. डिसेंबरमध्ये जायचे तर २१ तारखेच्या आसपास सूर्योदयाला जावे. या भूमीचे मूळ रहिवासी असलेले कुमेयाय लोक वर्षातील सर्वांत लहान दिवशी उगवणाऱ्या सूर्याचे निरीक्षण या डोंगरावरून करीत असत, आणि आजही त्या पहाटे बरेच लोक अंधारात वर चढतात. परतताना जवळच्या जुन्या मिशन धरणाकडे अवश्य जावे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश पाद्र्यांच्या मिशनला (ख्रिस्ती धर्मकेंद्राला) पाणी पुरवण्यासाठी ते बांधले गेले, आणि त्यासाठी राबले ते हेच कुमेयाय. मुलांना हा भाग सांगितलाच पाहिजे, कारण माहितीफलकांवरील पाद्र्यांची नावे त्यांना आपोआप कळतातच.

धबधब्यांविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. रमोनाकडून सीडर क्रीक फॉल्सला जाण्याचा विषय दर वर्षी कोणीतरी काढतो. त्यासाठी वनखात्याचा परवाना आधी घ्यावा लागतो आणि ती वाट जाताना पूर्ण उताराची, येताना पूर्ण चढाची आहे. गडावर जाताना आपण दमलो तर खाली फिरतो, येथे दमल्याचे कळते तेव्हा गाडी डोक्यावर उभी असते. उष्माघाताने तेथे माणसे दगावली आहेत आणि बचाव पथकाला वारंवार धावावे लागते. समूहाने तेथे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. माउंट वुडसनच्या ‘पोटॅटो चिप’ या बाहेर झेपावलेल्या पातळ खडकाबाबत माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. छायाचित्रासाठी रांगेत तासभर उन्हात उभे राहण्याला मी पदभ्रमण म्हणणार नाही.

मार्चपासून रॅटलस्नेक हे विषारी साप बाहेर पडतात. तो प्रत्येक वेळी खुळखुळा वाजवतोच असे नाही, म्हणून हात-पाय नजर पोहोचेल तेथेच ठेवावेत. दंश झाल्यास चिरा देणे, रक्त चोखणे, आवळून बांधणे असे काहीही न करता ९११ ला कळवावे. ओढ्याकाठी तीन-तीन पानांचे पॉइझन ओक हे खाजरे झुडूप असते. हिवाळ्यात त्याची पाने गळतात, परंतु उघड्या काटक्यांनीही अंगावर फोड येतात.

प्रेषक: उपक्रम समिती

सर्वांचे आभार. चर्चेनंतर क्रम पुढीलप्रमाणे बदलला आहे.

ऑक्टोबरमध्ये टोरी पाइन्स, नोव्हेंबरमध्ये स्टोनवॉल पीक. ५,७३० फुटांवरील या माथ्याजवळ खडकात कोरलेल्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे आहेत. बर्फ पडण्यापूर्वी तेथे जाणे सोयीचे, म्हणून तो डिसेंबरमधून मागे आणला. डिसेंबरमध्ये दुसऱ्या शनिवारऐवजी २१ तारखेला लागून येणाऱ्या शनिवारी कोल्स माउंटन, जानेवारीत आयर्न माउंटन, फेब्रुवारीत ओहोटीची वेळ पाहून काब्रियो. बोरेगो पाम कॅन्यन मार्चच्या आरंभी ठेवले आहे, म्हणजे हिवाळ्यात पुरेसा पाऊस झाला तर वाळवंटातील फुलेही मिळतील. एप्रिलमध्ये पेन्यास्किटोस आणि मे महिन्यात लगुना पर्वतावरील सनसेट ट्रेल, कारण साडेपाच हजार फुटांवरील जेफ्री पाइनच्या सावलीत तेव्हा हवा आल्हाददायक असते. ज्येष्ठांसाठी जून ते सप्टेंबर या काळात गाय फ्लेमिंग ट्रेलवर स्वतंत्र सकाळची फेरी होईल. तिची जबाबदारी कार्मेल व्हॅलीच्या ताईंनी घ्यावी, अशी त्यांना विनंती आहे.

बोरेगो आणि क्वियामाका येथे बऱ्याच भागात मोबाइलचे जाळे मिळत नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि घरी राहणाऱ्या एका व्यक्तीला परतीची वेळ सांगून ठेवावी. प्रत्येकाने तासाला किमान अर्धा लिटर या हिशेबाने स्वतःचे पाणी स्वतः आणावे. मंडळाकडून पाणी पुरवले जाणार नाही. बोरेगोसाठी दोन तासांचा प्रवास असल्याने गाड्या एकत्र कराव्या लागतील. ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांनी फेब्रुवारीअखेरपर्यंत याच धाग्यात कळवावे.