आरओ आधी की गावची टाकी आधी? घरात दोन तट पडलेत

देपालपूरची सून

सासर देपालपूरच्या वाटेवर, इंदूरहून तासाभराचं. दीडशेक घरं, त्यात मराठी दोनच. पाणी गावच्या बोअरचं. ते उंच टाकीत चढतं आणि एक दिवसाआड तासभर नळाला येतं. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एकाच आठवड्यात सहा पोरं जुलाबानं झोपली, त्यात माझा पुतण्या. त्याला सलाइन लावून आणलं तेव्हा डोळे खोल गेले होते. आता दिरांचं ठरलंय, स्वयंपाकघरात आरओ बसवायचा. माझा विरोध आहे, आणि तो पैशापायी नाही.

मागच्या रविवारी मुलाला घेऊन टाकीवर चढले. झाकण नाहीच, पत्र्याचा तुकडा आणि त्यावर वीट. पत्रा सरकवला तर पाण्यावर पारव्याची पिसं. भिंतीवरून बोट फिरवलं तर शेवाळाचा थर निघाला. खाली व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर सांडपाणी, आणि आमची लाइन त्यातूनच जाते. त्यात घरोघरी टिल्लू पंप, सरळ नळाला जोडलेले. नळ आला की सगळे एकदम सुरू होतात, पाइपात ओढ बसते आणि सैल सांध्यातून खड्ड्यातलं पाणी आत शिरतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, मग सांधे ढिले होणारच.

५०,००० लिटरच्या टाकीला ताजी ब्लीचिंग पावडर लागते साधारण सव्वाशे ग्रॅम. चहाच्या दोन कपांत मावेल एवढी. तेवढं न करता प्रत्येकानं आपापल्या ओट्यावर मशीन टांगायचं? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्या पोरानं काय प्यायचं?

दोन लेकरांचा बाप

ताई, तुमची कळकळ पटते, पण तुम्ही जंतूंवरच अडकलात. तुमच्याकडे सोयाबीन, गहू, बटाटा, लसूण, म्हणजे युरियाची पोती. त्याचं जमिनीत नायट्रेट होतं आणि ते बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते ब्लीचिंगनं जात नाही आणि उकळलं तर पाणी आटून उलट दाट होतं. घरात वरच्या दुधावरचं तान्हं असेल तर हे फार गंभीर आहे. बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. आरओ नायट्रेट बरंच कमी करतो. तुमची टाकी धुऊन ते होणार नाही.

शाळेच्या मागे राहणारी

मी आमच्या गावात किटनं पाणी तपासते. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना ते शिकवलंय. दादांचं नायट्रेटचं बरोबर आहे, पण मग आधी मोजा ना! विकणारा घरी येऊन टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, बुडवतो, आकडा ६००-७०० दाखवतो आणि बाई घाबरते. मानकात ५०० पर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. त्या मीटरला ना जंतू कळत, ना नायट्रेट वेगळं कळत. जंतूंसाठी छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून उबेला ठेवायची. दिवस-दोन दिवसांत काळी झाली तर पाण्यात मैला मिसळतोय असं धरायचं.

आणि एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर नालीत सोडणं मे महिन्यात बोअर गुळण्या टाकत असताना मला तरी बघवत नाही.

महूकर

मी दिरांच्या बाजूनं. आमच्याकडे टाकीवर रंगानं लिहायचे, सफाई अमुक तारखेला. दर सहा महिन्यांनी तारीख नवी आणि आत गाळ जुनाच. पावडरचं पोतं उघडं पडून वास उडालेला, तीच टाकायचे. चार वर्षं अर्ज केले. त्या चार वर्षांत मुलगी दोनदा काविळीनं पडली. वहिनी, गावाचं काम जरूर करा, पण गाव सुधारेपर्यंत आपल्या लेकराला तेच पाणी पाजू नका. मी मशीन बसवलं आणि मला त्याचा पस्तावा नाही.

आजीचा माठ

तुमच्या वादात घरातलं राहून जातंय. आरओचं पाणी माठात भरलं आणि पोरानं शेतातून येऊन त्यात पेला बुडवला, की सगळं मुसळ केरात. त्या पाण्यात क्लोरीनही उरत नाही सांभाळायला. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. दुसरं म्हणजे फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन. धुऊन त्यात प्यायचं पाणी भरणारी घरं मी पाहिलीत. कितीही धुवा, प्लास्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं. भोक पाडूनच टाकायचे. आणि ब्लीचिंगची पिशवी पिठाच्या डब्याशेजारी ठेवू नका, मुलांच्या हाताला लागेल अशी तर नकोच.

देपालपूरची सून

नायट्रेट माझ्या ध्यानातच नव्हतं. जावेचं बाळ चार महिन्यांचं आहे, वरच्या दुधावर. आज वाचलं आणि पोटात गोळा आला. बोअरचं पाणी उद्याच जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देते. आकडा येईस्तोवर बाळाच्या दुधाला इंदूरहून नर्मदेचं पाणी नेऊ, उकळून. नायट्रेट जास्त निघालं तर आरओला मी आडवी येणार नाही, बाळासाठी मीच आणीन.

पण महूकर, टाकीचं मी सोडणार नाही. तुम्हाला चार वर्षं कुणी साथ दिली नाही हे वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे या रविवारी सातजणी तयार आहेत. टाकी रिकामी करून घासायची, लोखंडी झाकण बसवायचं, पावडर टाकून अर्धा तास थांबायचं आणि शेवटच्या घरच्या नळाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं का ते बघायचं. टिल्लू पंपांवरून भांडणं होणार. माझ्या दिरांचाही एक आहे.

महूकर

झाकणाला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्यातल्या एकीकडेच ठेवा. आमचं तिथेच बिघडलं. नायट्रेटचा आकडा आला की इथे लिहा.