इम्प्लांट बसवणं हौस होती, पण फुटलेलं काढणंही हौसच का?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. विषय खासगी आहे, पण जिच्याबद्दल लिहितेय त्या माझ्या मामेबहिणीला विचारूनच लिहितेय. ती इथेच, नाशिकच्या इंदिरानगरला राहते. बारा वर्षांपूर्वी मुंबईला जाऊन तिने स्तनांमध्ये सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले. स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या मर्जीने. त्याचा एक रुपयाही विमा कंपनीकडे मागितला नाही.

यंदा काखेत गाठ हाताला लागली. आधी सोनोग्राफी, मग एमआरआय. डावीकडचं इम्प्लांट फुटलंय, जेल बाहेर पडून काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेलंय. डॉक्टर म्हणाले, काढायला हवं. कॅशलेसचा अर्ज सकाळी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे गेला, दुपारी उत्तर आलं: कॉस्मेटिक सर्जरी, वगळणीचा कोड ०८, नामंजूर.

मी रात्री बसून ते कलम शेवटपर्यंत वाचलं. आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, 2019 मध्ये वगळण्यांचे शब्द सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखे केले, त्यामुळे तुमच्या पॉलिसीतही हेच असणार. थोडक्यात असं: दिसणं बदलण्यासाठी केलेल्या कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही. अपवाद अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा. आणि आणखी एक अपवाद: आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करायला वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा उपचार, ज्याची गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिली आहे.

नकाराच्या पत्रात कलमाचा पहिलाच भाग आहे. अपवादाबद्दल एक ओळ नाही. काढून टाकण्याने तिचं दिसणं सुधारणार नाही, उलट बिघडेल, आणि ते तिला माहीत आहे. मग ही दिसणं बदलण्याची सर्जरी कशी? नवीन बसवायचं असेल तर त्याचे पैसे तिने भरावेत, यावर माझा वाद नाही. पण काढण्याचा खर्च कंपनीने द्यायलाच हवा.

ओझरकर
ताई, बहिणीला लवकर बरं वाटो. पण मला हे पटत नाही आणि का पटत नाही ते सरळ लिहितो. विमा हा अनिश्चित गोष्टींचा असतो. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत, हे अमेरिकेची एफडीए, म्हणजे तिथली औषध-उपकरणांची सरकारी नियामक संस्थासुद्धा स्पष्ट सांगते. म्हणजे बसवतानाच हे ठरलेलं असतं की पुढे कधीतरी काढायची किंवा बदलायची वेळ येऊ शकते. तो खर्च मूळ खर्चाचाच भाग झाला. तो माझ्यासारख्या, दर वर्षी वाढता प्रीमियम भरणाऱ्या साठीच्या माणसाच्या पैशांतून का जावा?

गंगापूररोडकर
काका, मोतीबिंदूही वय झालं की बहुतेकांना होतोच, तरी त्याचे पैसे मिळतात. आणि मर्जीचंच म्हणाल तर पावसाळ्यात आपली मुलं हरिहर गडाच्या त्या उभ्या पायऱ्या चढतात, तेही हौसेनेच. कोणाचा पाय घसरला तर क्लेम मिळतो. साहसी खेळांची वगळणी पेशा म्हणून खेळणाऱ्यांपुरती आहे, हौशी माणसाला ती लागत नाही. तिथे कोणी विचारत नाही, गडावर गेलाच कशाला?

ओझरकर
मोतीबिंदू कोणी विकत आणत नाही. आणि हरिहरला जाणारे शंभरातले नव्याण्णव धड घरी येतात. तुलना बसत नाही.

त्रिमूर्ती चौक
मला तर वाटतं असली थेरं करायचीच कशाला? देवाने दिलंय त्यात समाधान मानावं.

ओझरकर
दादा, मी क्लेमच्या विरोधात बोलतोय, त्या मुलीच्या विरोधात नाही. तिने काय करावं हा इथला प्रश्नच नाही. असं लिहायचं असेल तर माझ्या बाजूने लिहू नका.

वॉर्डातली सिस्टर
मी बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. फुटलं म्हणजे काय झालं हे नीट कळल्याशिवाय खर्चाचं बोलता येणार नाही.

इम्प्लांट दोन प्रकारचे. सलाइनचं फुटलं तर मिठाचं पाणी शरीर शोषून घेतं, छाती बसते, बाईला ते लवकरच कळतं. सिलिकॉनचं तसं नाही. शरीराने इम्प्लांटभोवती स्वतःची एक पिशवी तयार केलेली असते, जेल बरेचदा त्या पिशवीतच राहतं, बाहेरून काही दिसत नाही, दुखत नाही. म्हणून तर एफडीए म्हणते की त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी करा, मग दर दोन-तीन वर्षांनी. आपल्याकडे किती जणींना हे सांगितलं जातं? मी पाहिलेल्या पेशंटपैकी बहुतेकींना कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि याचा मला आजही राग येतो.

जेल त्या पिशवीच्या बाहेर गेलं की गोष्ट बदलते. काखेत गाठी येतात आणि त्या हाताला कर्करोगाच्या गाठीसारख्याच लागतात. मॅमोग्राफी वाचणंही अवघड होतं. बायोप्सी करून खात्री करावीच लागते. गाठ कशाची हेच न कळणं हा धोका नाही तर काय? या ताईंच्या बहिणीचं जेल काखेपर्यंत गेलंय. हिला मी तरी कॉस्मेटिक केस म्हणणार नाही.

ओझरकर
सिस्टर, तुमचं ऐकून माझं मत थोडं हललं, नाही म्हणत नाही. पण कलमात 'तातडीचा' शब्द आहे. जे इतके दिवस कळलंही नाही ते तातडीचं कसं?

निवृत्त क्लेमवाला
आयुष्यभर दाव्यांच्या टेबलावर बसलो, तेव्हा दोन्ही बाजूंना न आवडणारं थोडं सांगतो.

ताई, पहिल्यांदा हे बघा की पॉलिसी घेताना प्रपोजल फॉर्मवर आधीच्या ऑपरेशनच्या रकान्यात काय लिहिलं होतं. 2024 पासून नियम असा आहे की सलग 60 महिने पॉलिसी चालली की माहिती दडवली या कारणावरून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण याने कायमच्या वगळण्या पुसल्या जात नाहीत. कोड ०८ सहाव्या वर्षीही तिथेच असतो. लोक इथे फार गल्लत करतात.

दुसरं, बिल. इम्प्लांट काढणं, भोवतीची पिशवी काढणं, तिची तपासणी आणि नवीन बसवणं हे एका पॅकेजमध्ये घातलं की टेबलावरचा माणूस सगळ्यावर एकच शिक्का मारतो. हॉस्पिटलकडून वेगवेगळी बिलं घ्या. आणि त्यावर जीएसटी लावलाय का ते बघा. उपचारांवर जीएसटी नाही, कॉस्मेटिक सर्जरीवर 18 टक्के आहे. काढण्याच्या बिलावर तो 18 टक्के दिसला तर हॉस्पिटलनेच ती कॉस्मेटिक असल्याचं लिहून दिल्यासारखं होतं. मग तुम्ही कितीही भांडा.

ओझरकर, तुमच्या 'तातडी'वर. पॉलिसीतल्या शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर तो कंपनीच्या विरोधात लावायचा, ही आपल्या न्यायालयांची जुनी रीत आहे, कारण कागद कंपनीने लिहिलेला असतो. पण त्यासाठी दुसरा अर्थ मांडणारा डॉक्टरचा कागद हातात लागतो.

कॉलेजरोडची मावशी
मला कर्करोगामुळे एक स्तन काढावा लागला, मग पुनर्रचनेत इम्प्लांट बसवलं. माझं फुटलं तर मी त्या कलमाच्या अपवादात बसते, या मुलीला मात्र झगडावं लागणार. वस्तू तीच, जेल तेच, काखेतली गाठ तीच. मला खरंच विचारायचंय, सिलिकॉन बाहेर पडताना बाईने ते कशासाठी बसवलं होतं हे बघतं का?

गंगापूररोडकर
मावशी, अगदी हेच मला म्हणायचं होतं. फ्रान्समध्ये पीआयपी नावाच्या कंपनीचे इम्प्लांट 2010 मध्ये बाजारातून काढले, कारण त्यांत औषधी दर्जाचं सिलिकॉनच नव्हतं. 2011 च्या डिसेंबरमध्ये तिथल्या सरकारने सुमारे 30,000 बायकांना ते काढून घ्यायचा सल्ला दिला. काढण्याचा खर्च सरकारी आरोग्य विम्याने सगळ्यांसाठी उचलला आणि नवीन बसवण्याचा फक्त कर्करोगानंतर पुनर्रचना झालेल्यांचा. मी जी रेघ मारतेय ती अशी आधीच कोणीतरी मारलेली आहे. अमेरिकेतल्या अनेक खासगी कंपन्याही सिलिकॉनचं फुटलं तर काढायचे पैसे देतात, मूळ कारण कॉस्मेटिक असलं तरी. सलाइनचं असेल तर देत नाहीत, आणि सिस्टरनी सांगितल्यावर त्यामागचं कारणही कळलं.

ओझरकर
फ्रान्सचं उदाहरण मला लागू वाटत नाही. तिथे कंपनीने फसवलं होतं आणि पैसा सरकारी व्यवस्थेचा होता. आपला विमा हा करार आहे, लिहिलंय तेवढंच मिळणार. अमेरिकेतल्या खासगी कंपन्यांचं मात्र मला माहीत नव्हतं. त्या देतात तर कोणीतरी हिशेब करूनच देत असणार, हे मान्य करतो. तरी मी म्हणेन की ते पॉलिसीत स्पष्ट लिहा, त्याचा प्रीमियम ठरवा आणि मग द्या. मागच्या दाराने नको.

वॉर्डातली सिस्टर
पण अपवाद लिहिलेलाच आहे की काका. मागचं दार कुठलं?

निवृत्त क्लेमवाला
ताई, पुढचं सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या. कंपनीतल्या क्लेम्स रिव्ह्यू कमिटीच्या (दावे तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीशिवाय दावा नाकारायचा नाही असा 2024 चा नियम आहे, तेव्हा ती मंजुरी होती का ते विचारा. एका महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. नाशिकसाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. आपल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, पण आधी लोकपाल करा.

मात्र यातलं काहीही करायच्या आधी मला एक सांगा. डॉक्टरांच्या कागदावर नेमके शब्द काय आहेत?

गंगापूररोडकर
आत्ता फाइल काढून बघितली. "डावे इम्प्लांट फुटले आहे, काढण्याचा सल्ला." एवढंच. काखेतल्या गाठींचा उल्लेख एमआरआयच्या रिपोर्टमध्ये आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीत नाही. धोका हा शब्द कुठेच नाही.

निवृत्त क्लेमवाला
मग टीपीएने जे वाचलं त्यावर त्यांनी नकार दिला. गाठी, बायोप्सीची गरज आणि थांबलं तर काय होईल, हे तिन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या, सही-शिक्क्यासह. त्यांना खोटं काही लिहायचं नाहीये, जे तुम्हाला तोंडी सांगितलं तेच कागदावर हवंय.

ओझरकर
असा कागद आला तर निदान या एका केसमध्ये मी गप्प बसेन. नियम म्हणून माझं मत तेच आहे.

गंगापूररोडकर
उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली आहे. बहिणीला बरोबर नेतेय, एमआरआयची फिल्मही. बिलाचं आणि जीएसटीचं तिथेच विचारून घेते.